खुराड्यातून आलेलं वेबाले

म्बाले, ३ जून १९९६

ती. आत्यास,

गु. टे. न. वि. वि. म्हणजे गुडघे टेकून नमस्कार. खरं तर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसून लिहितेय. बाजारात गुडघे टेकायला जागा नाही, तेव्हा मनानं टेकलेत असं धरून चाल.

ईस्टरपासून हे पत्र टाळतेय. रोज सकाळी ठरवते, आज आत्याला लिहायचंच, आणि रोज कुणीतरी बोलायला भेटतं. मध्ये माल घेऊन सोरोटीला गेले होते. तिथल्या त्या उन्हात एक बाई माझे सगळे स्वेटर घेऊन गेली. मी विचारलं, अगं, इथं स्वेटर कशाला? तर म्हणाली, उशा भरायला, कापूस महाग झालाय. मी दिवसभर हसत होते. पण हे सांगायला पत्र लिहीत नव्हते. मुद्दा वेगळा आहे आणि मुद्द्याची मला भीती वाटते. मुद्द्याचं नाव वामिंबी.

तो बाजाराच्या कडेला आंब्याखाली सायकली दुरुस्त करतो. डोंगरावरचा आहे, आपल्याकडचा नाही. माझ्या हातगाडीचं चाक निखळलं तेव्हा त्यानं बसवून दिलं, आणि तेव्हापासून ते चाक कधी करकरलंच नाही. पुढं कळलं की हा रोज पहाटे येऊन तेल घालून जातो, बोलत काहीच नाही. आत्या, मला याच्याशीच लग्न करायचंय.

मागच्या महिन्यात त्याला मसाकाला घेऊन गेले, बाबांच्या शिवणाच्या दुकानात. बाबांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला, पाव कापला, वर भाजलेले शेंगदाणे ठेवले. यानं सगळं खाल्लं, कप विसळून पालथा घातला आणि उठला. केलेल्या कष्टांचे आभार मानणारं साधं वेबालेसुद्धा नाही! बाबा भिंतीकडे बघत मला म्हणाले, या घरातली मांजरसुद्धा दूध प्यायल्यावर काहीतरी आवाज करते. मी मरेपर्यंत या माणसाशी एक शब्द बोलणार नाही.

आता बाप बोलणार नसेल तर मागणी कशी व्हायची? नवऱ्या मुलाला हाताला धरून बापापुढं नेणारी आत्याच. आणि बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. लहानपणी तू त्यांना मुसळ फेकून मारलं होतंस म्हणे, त्याचा धाक अजून टिकून आहे.

वामिंबी वाईट नाही गं. म्हणतो, आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हणत नसे. काम चांगलं झालं की दिसतंच, सांगायचं काय त्यात? पण जेवला की सगळ्यांची ताटं घासतो. ते वेबाले नव्हे का? तूच सांग.

माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा या सायकलवाल्यावरही सांडावा ही विनंती.

तुझी,
नास्सोलो


च्योतेरा, १४ जून १९९६

चि. नास्सोलो हिस,

अ. उ. आ. आणि एक चिमटा.

तुझं पत्र पोचलं. बसच्या कंडक्टरनं वाटभर बुडाखाली ठेवलेलं, त्यामुळं गरमागरम मिळालं. ते मुसळ नव्हतं, कालथा होता, आणि तुझ्या बापाची तीच लायकी होती. गावभर सांगत फिरू नकोस.

तू फिरतेस म्हणून तुला वाटतं वेबाले हा एक शब्द आहे, तिकडच्या लोकांचा वेगळा, आपला वेगळा. तसं नाही बाळ. तुझे आतोबा आयुष्यात कधी मोठं काही बोलले नाहीत. पण ताट पुढ्यात आलं की, रांधल्याबद्दल वेबाले. मी बागेतून आले की, खुरपल्याबद्दल वेबाले. कालवण करपलं असेल त्या दिवशी जरा मोठ्यानं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी अर्धा चमचा पेज घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, रांधल्याबद्दल वेबाले. ती पेज मी केलेली नव्हती. मी तसं सांगितलं नाही.

म्हणून ऐक. तुझा माणूस ताटं घासतो, त्याचं भलं होवो. पण ज्याच्या तोंडून हे निघत नाही त्याच्या घरात माझी भाची दहा वर्षांत वाळून जाईल. अशा माणसाचा हात मी धरणार नाही. मागणीच्या दिवशी मला ताप येईल, सांगून ठेवते.

त्याला शब्द शिकवू नकोस, शब्द काय पोपटसुद्धा शिकतो. त्याला सांग, कुणाशी बोलण्याआधी त्या माणसाचे हात काय करताहेत ते बघायचं. मग तेच बोलायचं. सकाळी तोंड धुतो ना? तसं रोज, कंटाळा आला तरी. आणि शेंगा काढायच्या वेळी त्याला एकटा माझ्याकडं पाठव. मी बघते.

तिकडं रात्री-अपरात्री ट्रकमधून हिंडू नकोस. लोभ उतू जाऊ देऊ नये, आटूही देऊ नये.

तुझी आत्या,
नान्तुमे


म्बाले, १ जुलै १९९६

ती. आत्यास,

गु. टे. न. वि. वि. या वेळी खरंच टेकलेत, कारण बाक मोडलाय.

वामिंबीचा अभ्यास सुरू आहे आणि सगळ्या बाजाराची करमणूक चालली आहे. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून संध्याकाळपर्यंत काही फुटेना. शेवटी एका बकरीला म्हणाला, चरल्याबद्दल वेबाले. म्हटलं, चला, सुरुवात तर झाली.

मग हा सुटलाच. चौकात पोलिसानं त्याची सायकल अडवली, तर याचं उत्तर काय, उन्हात उभं राहिल्याबद्दल वेबाले. पोलीस बिचारा इतका गोंधळला की कशासाठी अडवलं तेच विसरला. आता रोज तोच आधी हात करतो. दवाखान्यात नर्सनं सुई बाहेर काढली, याचं वेबाले आधीच तयार. ती म्हणाली, अरे, टोचू तरी दे! टोमॅटोवाल्या नाकाबुगोला मुलगी झाली. बाळंतिणीला वेबाले म्हणतात हे मी शिकवलं होतं. हा तिला म्हणाला ते ठीक, पण वळून तिच्या नवऱ्यालाही म्हणाला, तुमच्याही कष्टांबद्दल वेबाले. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरा मात्र दोन दिवस छाती काढून फिरत होता.

पण एक गंमत सांगू? परवा मला म्हणाला, ती कोळसेवाली आहे ना, तिला डाव्या हाताला अंगठा नाही, तरी पोती शिवते. इतकी वर्षं तिच्यासमोर बसतोय, मला दिसलंच नव्हतं. तू म्हणालीस ना हात बघायला, त्यानं तुझं अक्षरशः मनावर घेतलंय.

मग मीपण त्याला म्हटलं, चाकाला तेल घालतोस त्याबद्दल वेबाले. तो तेलाचा डबा माझ्याच हातात देऊन निघून गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि विचारतो कसा, ऐकणाऱ्याला असं वाटतं होय?

शुक्रवारच्या बसनं त्याला पाठवतेय. सोबत त्याच्या आईनं दिलेली कॉफी आहे. मला तर कपडेसुद्धा नीट विकवत नाहीत, काल एकाला दोन्ही डाव्या पायाचे बूट दिले. आत्या, सांभाळून घे. तुझ्या घरी जे ठरेल त्यावर माझं सगळं आहे.

लोभाची गाडी अशीच करकर न करता चालू राहो.

तुझी,
नास्सोलो


च्योतेरा, ८ जुलै १९९६

चि. नास्सोलो हिस,

अ. उ. आ. चिमटा या वेळी दोन्ही गालांना.

तुझा माणूस पोचला. कॉफी चांगली आहे. आता बाकीचं ऐक, आणि बसून ऐक.

शनिवारी हा पहाटेच उठून तोंड धुवायला बाहेर गेला. केळीच्या बागेत एक माणूस घड कापत होता. यानं तू शिकवल्याप्रमाणं आधी त्याचे हात बघितले. हात काम करत होते. मग म्हणाला, एवढ्या सकाळी कष्ट करताय, वेबाले. तो माणूस म्हणे दचकला, पण रीतसर उत्तर दिलं. घड सायकलवर बांधताना सायकलची चेन निसटली. आपल्या राजांनी ती बसवून दिली, ब्रेक आवळून दिला, मागून धक्का देऊन चढावही पार करून दिला. आणि आत येऊन मला म्हणतो, तुमचा गडी मोठा कष्टाळू आहे.

अगं, मला गडी आहे कुठं? रविवारच्या जेवणासाठी राखलेले घड होते ते, सगळ्यांत मोठे!

मी आधी ओरडले, मग कपाळाला हात लावला. शेजारीण धावत आली, तिनं ऐकलं आणि गावाला सांगितलं. आता विहिरीवर बायका विचारतात, नान्तुमे, तुझ्या जावयाला आमच्याकडं पाठवतेस का, आमच्याही चोराची सायकल नादुरुस्त आहे. माझ्यापर्यंत ठीक होतं, पण त्याच्या तोंडावर पोरं असलं काही बोलली आणि त्यानं तोंड मिटलं. काल दिवसभर एक वेबाले नाही. मी ताट वाढलं, यानं खाल्लं, घासलं, झोपला. तुझ्या बापापुढं बसला होता तसाच.

नास्सोलो, चोराचं मला काही वाटत नाही. केळी परत येतील. पण एकदा हसू झालं म्हणून जो गप्प होतो, तो संसारात किती वेळा गप्प होईल? गुरुवारपर्यंत थांबते. मग काय ते स्पष्ट लिहीन.

लोभ आहे, पण या आठवड्यात जरा पातळ आहे.

तुझी आत्या,
नान्तुमे


म्बाले, १० जुलै १९९६

ती. आत्यास,

गु. टे. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी इतकी हसले की कोळसेवाली पाणी घेऊन आली. मग रडले, तर तिनंच ते पाणी पाजलं. तिला वेबाले म्हटलं.

मला त्याच्या वतीनं काही बोलायचं नाही. एवढंच, की त्याला घाई करू नकोस. तो चाकसुद्धा आधी बराच वेळ नुसतं बघत बसतो. लोकांना वाटतं हा झोपला. मग एकदाच हात घालतो. मी स्वतःच निघाले असते, पण माझ्याच पायांवर माझा विश्वास नाही, मध्ये जिंजाला कुणीतरी भेटेल आणि तिथंच राहीन.

लोभ पातळ असला तर असू दे, सांडू नको म्हणजे झालं.

तुझी,
नास्सोलो


च्योतेरा, १३ जुलै १९९६

चि. नास्सोलो हिस,

अ. उ. आ. चिमटा माफ.

गुरुवारी सकाळी मी बागेत वाळलेली पानं काढत होते. हा बांधावर येऊन उभा राहिला. नुसता उभा. मी मुद्दामच वर बघितलं नाही. बऱ्याच वेळानं यानं घसा खाकरून विचारलं, आत्याबाई, ही बाग तुमचीच ना? मी म्हटलं, माझीच. सासूबाईंनी दिलेली. तरी याची खात्री पटेना. म्हणाला, नक्की? म्हटलं, अरे, नक्की! तेव्हा म्हणाला, मग पानं काढताय त्याबद्दल वेबाले.

मी तिथंच केळीच्या बुंध्याला टेकून बसले. एवढी मी तुझे आतोबा गेल्यापासून हसले नव्हते. आणि तोही हसला गं! त्याच्या पुढच्या दातांत फट आहे, ती तू मला कळवली नाहीस.

त्यानंतर गाडी रुळावर आली. विहिरीवर पोरांनी पुन्हा चोराचं काढलं, तर त्यांनाच म्हणाला, आठवण ठेवल्याबद्दल वेबाले. ती पोरं आता त्याच्या मागं मागं हिंडतात. काल माझं कालवण खारट झालं होतं. तो वेबाले जरा मोठ्यानं म्हणाला. मी आत जाऊन थोडा वेळ चुलीपाशी बसले.

तेव्हा ऐक, मी त्याचा हात धरणार. राहिला प्रश्न तुझ्या बापाचा. त्यानं शपथ घेतली आहे, आणि त्याला वाकवायचं कसं हे मला अजून सुचलेलं नाही. कालथ्याचे दिवस गेले. पुढच्या आठवड्यात मसाकाला जाऊन दुकानाच्या दारात बसायचं असं मनात घेतलंय. निदान मला तरी तो

थांब. फाटकाशी कुणीतरी आलंय.

नास्सोलो, तुझा बाप आलाय! न कळवता, टोपी घालून. माझे घड चोरीला गेल्याचं मसाकापर्यंत पोचलं म्हणून बहिणीची चौकशी करायला आलाय, हातात केळ्यांचा घड घेऊन. मी खिडकीत बसून हे लिहितेय, मुद्दामच बाहेर जात नाही, कारण तुझा माणूस अंगणातच आहे. कोंबड्यांच्या खुराड्याचा तळ बसवतोय. कमरेपर्यंत आत शिरलाय, बाहेर फक्त पाय दिसतात.

आणि दादानं काय केलं सांगू? जन्माची सवय कुठं जाते. काम करणारा माणूस दिसला, म्हणाला त्या पायांना, अहो, कष्ट करताय, वेबाले! फळ्यांच्या फटीतून दादाचे धुळीचे पाय आणि घड तेवढे दिसत असावेत. खुराड्यातून उत्तर आलं, दखल घेतल्याबद्दल तुम्हालाही वेबाले. एवढ्या लांबून चालत आलात, त्याबद्दल वेबाले. ओझं वाहून आणलंत, त्याबद्दल वेबाले. दादा खूश. मला हाक मारून विचारतो, नान्तुमे, एवढा रीतीचा माणूस तुला मिळाला कुठं? कुणाचा मुलगा?

आता तो बाहेर निघालाय. डोक्यावर पिसं. दोघं समोरासमोर उभे आहेत. दादानं त्याला ओळखलंय. पण शब्द तर बोलून झाला, चांगला चारचौघांसारखा बोलून झाला, आणि उत्तरं घेऊन झाली. आपल्यात घेतलेलं वेबाले परत देता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

दादानं टोपी काढली. खुराड्यात वाकून काम बघितलं. आता ओरडून सांगतोय, चहा टाक. मी विचारलं, किती कप? आधी हातातली टोपी झटकली. मग म्हणाला, दोघांना.

आधण ठेवायला जाते. तू पहिल्या बसनं निघ, आणि जिंजाला उतरू नकोस.

तुझी आत्या,
नान्तुमे