खाटेपुरती जागा

ता. ८ जाने. ६१, रवि. अकोला.
नानांना जाऊन दोन महिने होत आले. त्यांचं वकिलीचं ऑफिस आज उघडलं. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं. दवाखान्यातून आणली की तिला जिना चढता येणार नाही. खाली खोली ही एकच, आणि तिच्या तीन भिंतींना छतापर्यंत पक्षकारांच्या कागदांचे बस्ते. निकाल लागून वर्षं झालेले. नानांचे मुनशी गुलाबराव, त्यांना सांगितलं : ज्याचे कागद त्याला निरोप धाडा, बेवारस ते रद्दीत. दिवसभर बस्ते ओसरीत काढले. प्रत्येकावर नानांच्या अक्षरात नाव-गाव. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं?

ता. ११, बुध. अमरावती.
शाळा. सहावीच्या वह्या. गुलाबरावांचं कार्ड : ओसरी मोकळी झाली. हायसं वाटलं, असं लिहिणार होते. तसंही नाही.

ता. १५, रवि. अकोला.
ओसरी खरंच झाडलेली. ऑफिसात खाट लावून पाहिली, जात नाही. एवढं बाहेर काढलं, ती जागा गेली कुठे? मांडणीची पुढची रांग उपसली तर मागे दुसरी. टेबलाखाली, माळ्यावर, कपाटामागे. सगळे मी काढलेलेच.
गुलाबराव : "निरोप धाडले नं, ताई. लोक आले बी. चहा पेले, आपला बस्ता जाग्यावर हाय का पायलं, अन् गेले."
"आणि रद्दीवाला?"
"त्याले वापस धाडलं. बेवारस कोनीच नाई निंघालं."
रागवायला हवं होतं. "बरं" म्हणाले.

ता. २२, रवि.
स्वतः बसले. सातआठ जणांच्या हातात बस्ते जवळजवळ कोंबले. दर्यापूरचे बापूराव मात्र हात पुढे करीनात.
"घरी न्या."
"घरी दोन भाऊ हाओत आमी. वाटनीचा कागद माह्यापाशी रायला तं लहाना म्हनते, दादानं बदलला. त्याच्यापाशी रायला तं मी म्हनतो. तुमच्या घरी हाय म्हनून एका ताटात जेवून रायलो, ताई."
"बँकेत ठेवा."
"बँक काय भांडन सोडवते?" हसले. "वकीलसाहेब गेले, खोली तं हाय नं."
ठेवून गेले.
एक फळी मोकळी झाली. तिच्यामागचा चुना पांढरा, बाकी भिंत पिवळी. बघत उभी राहिले. परत दिलं, की नुसतं घालवलं? त्या दोघांचं ताट...

ता. २९, रवि.
अख्खी एक मांडणी ओसरीत काढली, तेव्हा खाट बसली. बाजूला वीतभर वाट. दुपारी चौघांनी आईला उचलून आणलं. दारात तिनं डोळे मिटून घेतले.
"या खोलीत मी कधी बसले नाही ग. पक्षकार असायचे. चहा उंबऱ्याशी ठेवायचा नि फिरायचं."
खरं आहे. इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ता. ५ फेब्रु., रवि.
बापूराव पुन्हा. सोबत धाकटा भाऊही. मांडणी नाही हे पाहून दोघं दारातच थांबले. मी त्यांचा बस्ता पुढे धरला. म्हटलं, आता खरंच जागा नाही. दोघांपैकी कोणी हात लावेना. एकमेकांकडे पाहत राहिले.
आई खाटेवरून : "भांडता काय रे?"
"नाई, वकिलीनबाई," धाकटा म्हणाला. "अजून नाई."
"मग ठेवा इथं. माझ्या पायथ्याशी."
ठेवला. तिला गुडघे मुडपून घ्यावे लागले. डॉक्टरांनी पाय सरळ ठेवायला बजावलंय. ते गेल्यावर मी बस्ता उचलायला गेले तर, "राहू दे."
"पाय दुखतोय ना?"
"दुखतोय."
एवढंच.
हे ओसरीत बसून लिहितेय. आत्ताच चौघे पक्षकार आले. चपला काढून भिंतीशी बसलेत, बावीस तारखेला मी दिलेले बस्ते परत आणून मांडीवर. गुलाबराव चहा टाकायला गेले. आतून आई दुसऱ्यांदा विचारतेय, कोण आलंय ग?