डाव्या मुठीवर उजवा तळवा

प्रिय हिन,

फोनवर आपण दोघं भांडतोच, म्हणून हे पत्र.

तुझा सिनेमा आमच्या सगळ्या तालमीने इथे मोंगकॉकच्या थिएटरात एकत्र पाहिला. तू वीस वर्षं घोटलेलं कुंग-फू तो गोरा महानायक आठवड्यात शिकला आणि दोन मिनिटांत तुला लोळवलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग तुझी चार वाक्यं आली, तीही मुद्दाम मोडक्या इंग्रजीत. माझं हसू तिथेच थांबलं रे.

मरण्याआधी तू नायकाकडे पाठ फिरवलीस आणि रिकाम्या भिंतीला वंदन केलंस. डाव्या मुठीवर उजवा तळवा. बाबांच्या वेळचे आपले कूककाका अंधारातच ओरडले, "अरे गाढवा, हात उलटे!" उजव्या मुठीवर डावा तळवा, हे बाबांनी तुला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. उलटे हात फक्त मयताला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरी, यानं गुरूचं नाव घालवलं. भिंतीवरची त्याच्या नावाची पाटी आजच्या आज काढ."

बाबांनंतर तालीम माझी, त्यामुळे पाटी मीच काढायची. खरं सांगते, मला ती काढायचीच होती. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी तू व्हिडिओवर दिसलास, राखाडी झगा, डाव्या भुवईवर रंगवलेली जखम. म्हणालास, "ताई, शूटिंग सोडून येऊ देत नाहीत गं." मी म्हणाले, "मग तिथेच राहा," आणि फोन आपटला. त्याला दीड वर्ष झालं.

पाटी उतरवली. बाबांच्या हातच्या अक्षरांवरची धूळ पुसताना ती जखम अचानक डोळ्यांपुढे आली. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन सिनेमा पुन्हा पाहिला. तोच झगा, तीच जखम. वंदनाच्या त्या एका प्रसंगाशिवाय ती कुठेच नाही.

तो त्याच दिवशीचा प्रसंग ना, हिन? कुठला तळवा वर, हे तिथे कोणाला कळणार होतं! त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर तू बाबांना निरोप दिलास, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले, की तू आला नाहीस. चुकले मी. पाटी जागेवर लावली आहे. काकांना सांगितलं तर ते बाबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला उठले. एप्रिलमध्ये रिवाजाप्रमाणे बाबांची कबर झाडायला जायचं आहे. ये. तुझा झाडू वेगळा ठेवते.

तुझीच ताई,
स्वेत-यिंग