‘स्लेट हॅमर’ची गाडी कोणी विकली?

मी, श्यामला महादेव लिमये, वय सत्त्याहत्तर, अविवाहित, राहणार किहीम, तालुका अलिबाग, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हा कागद करताना सुचवायला शेजारी कोणी बसलेले नाही. पुतण्या देवव्रत याला मुद्दाम औषधे आणायला अलिबागला पाठवले आहे.

१. माझ्या पश्चात घर व नारळाची वाडी देवव्रतला. मात्र विकायची झाल्यास त्याची मुलगी मैथिली हिची लेखी संमती लागेल. दिवाळीत दोन अनोळखी माणसे माडांखाली टेप धरून फिरत होती. “आत्या, गटाराचं माप घेतायत,” असे तो म्हणाला. आमच्या वाडीत गटार नाही.

२. माझी बेस गिटार मैथिलीला. बर्मिंगहॅमला मी नर्स होते, तेव्हा कॉलिन नावाच्या गायकाने ‘स्लेट हॅमर’ हा हार्ड रॉक बँड काढला. बेस मी वाजवत असे. दोन वर्षांत एकच रेकॉर्ड निघाली. मग शेफील्डला वाद्यांनी भरलेली गाडी चोरीला गेली आणि बँड तिथेच संपला. चावी कॉलिनकडे असे. गाडी त्यानेच विकली, असे मी आजवर धरून चालले.

३. सदर रेकॉर्डवरील माझ्या हक्काबाबत. गेल्या जानेवारीत कॉलिन काठी टेकत आमच्या पडवीत आला. रेकॉर्ड पुन्हा काढायची होती, माझी सही हवी होती. मी विचारले, “आधी सांग, गाडी कोणाला विकलीस?”

त्याने काठी बाजूला ठेवली. “तेच तुला विचारायला आलोय, शाम. सगळ्यांची वाद्यं गेली, तुझीच गिटार वाचली. ती त्या दिवशी बाहेर का काढलीस?”

“तार तुटली होती. दुकानात नेली होती.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तू विचारलंस कुठे?”

मैथिलीने कोकम सरबत आणले. मी घोट घेईपर्यंत त्याने पेला तोंडाला लावला नाही. सही न घेताच तो परत गेला.

एप्रिलमध्ये त्याच्या मुलीचा फोन आला. कॉलिन गेला. जाण्यापूर्वी तो म्हणाला होता, “शामनं नाही केलं ते.” हे तो खरेच म्हणाला, की सहीसाठी मुलीने रचले, हे कळायला मला आता मार्ग नाही.

तरी हा हक्क मैथिलीला, आणि तिने सही द्यावी.

हे मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

सही: श्यामला महादेव लिमये
साक्षीदार: डॉ. कल्पिता वर्तक, किहीम
साक्षीदार: सदा नाखवा, थळ
किहीम, ९ नोव्हेंबर २०२५