‘परत’ म्हटलं की परत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी (आणि राग अजून उतरला नसेल, तर लांबूनच चपलांपाशी) भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? रक्तदाबाचं विचारत नाही, तो गेल्या आठवड्यात मीच वाढवला.

तुम्ही प्रथमच माझ्या विमानात बसलात, पुढच्या-मागच्या सगळ्यांना ‘पायलट माझा सख्खा भाचा’ असं सांगून झालं, आणि त्याच भाच्याने धुक्यात धावपट्टीच्या तोंडाशी येऊन विमान पुन्हा वर उचललं नि भलत्याच गावी नेऊन उतरवलं. मित्राच्या सत्काराचं भाषण तुमच्या खिशातच राहिलं. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्ही ‘मी असतो तर उतरवलं असतं’ असं लोकांना दिवसभर ऐकवलंत म्हणे. (आणि पायलटशी नातं विचारलं तर, असेल कुणीतरी, म्हणालात. हवाईसुंदरी सगळं सांगते.)

खरं सांगू? उतरायचं मलाही होतं. धुक्याला मी भीत नाही, मामा. भितो ते ‘आता आलंच की’ या विचाराला. मुक्काम जवळ आला की माणसाला हवं ते दिसायला लागतं. त्यात मागे तुम्ही बसलेले, तुमच्यासमोर फजिती नको! मला पट्टीचे दिवे चक्क दिसले. ते शेजारच्या गोदामाचे होते. म्हणून आम्ही हे जमिनीवरच, डोकं थंड असताना ठरवतो: अमुक उंचीवर पट्टी दिसली नाही, तर परत. आणि शेजारच्या सीटवरून ‘परत’ असा शब्द आला, की कॅप्टनने आधी वर जायचं, भांडायचं ते नंतर. माझी सहवैमानिक एरवी वाक्यागणिक सर म्हणते. त्या दिवशी ‘सर’ म्हणायलाही थांबली नाही, नुसतं ‘परत’ म्हणाली.

मामीला नमस्कार.

तुमचा (गेल्या आठवड्यापर्यंत लाडका) भाचा

ता. क. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलून तुम्ही गाडी चालवताच आहात, आणि परवा आपल्याच बंद फाटकाला धडक दिलीत, असं मामी म्हणाली. वर ‘घर आलंच होतं’ म्हणालात! कृपया वरचा मजकूर पुन्हा वाचावा.

ता. क. २. गाडीची किल्ली घरभर शोधू नका. मामीने ‘परत’ म्हटलंय आणि किल्ली माझ्याकडे धाडलीय. रागवा खुशाल, पण मला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हवे आहात.

ता. क. ३. रविवारी येतो. ऑपरेशन होईपर्यंत म्हणाल तिथे मी नेईन. मला विमान जमतं, गाडी जमत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत असता. तेव्हा शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं. दिसो न दिसो, तुम्ही ‘परत’ म्हणालात की मी मुकाट्याने वळवीन.