पहिला चमचा

चिऊच्या आईस,

परवा चिऊच्या नाकातली नळी काढली, आता माझं येणं थांबेल. हे पत्र तुला देणार नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

दवाखान्यातून घरी आल्यापासून नऊ महिने ती नळीनेच दूध घेत होती. मग एका दुपारी मी आले तेव्हा तू बसल्या बसल्या पेंगत होतीस. “जरा पड, मी आहे ना,” म्हटलं आणि तुला गाढ झोप लागली. पडद्यातून आलेलं ऊन पाळण्यावर हलत होतं, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी चमचाभर दूध तिच्या ओठांना लावलं. रोज ती तोंड फिरवायची. त्या दिवशी तिने ते गिळलं, ठसकाही लागला नाही.

तुला उठवायला हात पुढे केला. तू झोपेत हसत होतीस. मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तू दारातच गाठलंस. “सिस्टर, प्यायली. पहिल्यांदा, माझ्या हातून.”

“काय सांगतेस,” मी म्हणाले, आणि नोंदवहीत पहिल्या चमच्यापुढे कालची नव्हे, त्या दिवसाची तारीख लिहिली.

तीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच नोंद खोटी आहे. ती खोडायला माझा हात धजणार नाही.

तुझी,
सिस्टर