मंगलाष्टकांतच अडणारा कॉम्प्युटर

सातारा, गुरुवार, ७ मे १९९८

आजही कॉम्प्युटर मंगलाष्टकांतच हँग झाला. पाटणच्या जवानाच्या लग्नाचं एडिटिंग चार दिवस तिथंच अडलंय. सकाळी त्याची आई दुकानात येऊन गेली. "आवं भाऊ, पोरगं परवा ड्युटीवर चाललंय. त्याला कॅसेट संगं न्यायची हाय."

टेपच खराब असेल का? म्हणून दुपारी दुसऱ्याच लग्नाची टेप लावली. तीही वीसेक मिनिटांत अडकली, मंगलाष्टकं यायच्या आधीच! जवानाच्या टेपवर मंगलाष्टकं विसाव्या मिनिटालाच येतात. म्हणजे दोष मंगलाष्टकांचा नव्हे, वेळेचा. मशीन तापत होतं तर. पण का?

संध्याकाळी कॅबिनेट उघडलं. आतला पंखा फिरतच नव्हता. पात्यांत कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा! अक्षय्य तृतीयेला नव्या मशीनची पूजा केली, तेव्हा मूठभर अक्षता मीच टाकल्या होत्या. वर बायकोला म्हणालो होतो, तूही टाक. आणि चार दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या त्या एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं.

दाणा काढला, पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मंगलाष्टकं आली, पुढं सरकली. पडद्यावर अक्षता पडायला लागल्या, तसा मी चटकन कॅबिनेटवर हात धरला.