पात्याखालचा हात

अप्पा, आज तुमची फार गरज होती, आणि तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. भालकीतल्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासात लाइट गेली की आम्ही पोरं सुटलो म्हणून उठायचो, आणि तुम्ही दारातच अडवायचात. मग आम्हीच कॉम्प्युटर. अक्काच्या हातात एका आकड्याची चिठ्ठी, माझ्या हातात दुसऱ्याची; तुम्ही फरशीवर खडूनं लिहिलेल्या ओळी वाचत जायचात आणि आम्ही जागा बदलत राहायचो. त्या अर्ध्या उजेडात तुम्ही एका इंग्रज गणितज्ञाची गोष्ट सांगायचात. कॉम्प्युटर जन्मायच्या आधीच त्यानं सिद्ध केलं होतं, की कुठलाही प्रोग्राम दिला तर तो थांबेल की चालतच राहील, हे हमखास सांगणारी एकच एक रीत असू शकत नाही. युद्धात ज्याची देशाला एवढी मदत झाली, त्यालाच पुढं त्या देशानं पुरुषावर प्रेम केलं म्हणून शिक्षा दिली, हेही तुम्ही सांगायचात. एकदा मी माझा प्रोग्राम बरोबर थांबला म्हणून मिरवत आलो. तुम्ही म्हणालात, "थांबला ते दिसायलंय मला. कामून थांबला ते सांग." मला सांगता आलं नाही, तर तुम्ही तो माझ्याकडून ओळ न् ओळ फरशीवर लिहून घेतलात.

आता मी कोळारच्या एका कारखान्यात आहे. पत्रा कापायच्या मशीनमध्ये हात गेला की पातं थांबावं, असा प्रोग्राम हवा होता. तो मी लिहिला नाही, अप्पा. हल्ली एआयला सांगितलं की ते लिहून देतं. मी लाकडाची फळी पुन्हा पुन्हा आत सरकवली, पातं दर वेळी थांबलं. साहेबांनी विचारलं, ठीक आहे ना, मी हो म्हणालो. घरी येऊन ओळ न् ओळ वाचली, तर मधे एका ठिकाणी गेलेला प्रोग्राम परत कसा येतो हे मला काही केल्या कळेना. तो तिथंच अडकला, तर हात आत गेला तरी पातं थांबणार नाही. 

उद्यापासून त्या मशीनवर तुमची लेक, आपली अक्का बसणार आहे. दाजी गेल्यापासून ती इथंच कामाला आहे. मी तिला उद्या रजा घे म्हणालो, तर हसली. "प्रोग्राम तूच केलास की. मग मी कामून भिऊ?" आणि तिनं रजा घेतली तरी तिच्या जागी दुसरी कुणीतरी बसेलच. साहेबांना फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. अक्काला मी खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला सांगू शकत नाही.